आधी पंचनामा, मग .एम२ उडवा

बिल्ड फेल झाला की आपल्या धंद्यात पहिला सल्ला ठरलेला असतो. "अरे, डॉट एम-टू उडव आणि परत चालव." ग्रेडलवाले डॉट-ग्रेडल उडवतात, जावास्क्रिप्टवाले नोड-मॉड्यूल्स उडवतात, पायथॉनवाले अख्खं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नव्याने बांधतात. लहानपणी टीव्हीवर मुंग्या आल्या की बाबा वरून एक थाप मारायचे, त्यातलाच प्रकार. आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा चालतंही! चालतं म्हणूनच तर ही सवय जात नाही.

माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही, पण शनिवार आहे, चहा झालाय, तेव्हा सांगतोच) ही सवय आपल्याला महागात पडते. विशेषतः बिल्ड टूलचं व्हर्जन बदलल्यानंतर. अशा वेळी कॅश उडवणं म्हणजे खून झालेल्या खोलीत शिरून आधी फरशी पुसून घेणं. फरशी स्वच्छ होते, हे खरं. पण पोलीस येऊन बघणार काय?

आता थोडं तांत्रिक. ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

मेव्हन एखादी जार एकदा खाली उतरवतो आणि तुमच्या होम फोल्डरमधल्या .एम२ मध्ये ठेवून देतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या जारच्या शेजारी तो एक छोटीशी फाइल पण ठेवतो, तिचं नाव अंडरस्कोर रिमोट डॉट रिपॉझिटरीज. उघडून बघा कधी, साधी टेक्स्ट फाइल आहे. त्यात जारचं नाव आणि ती कुठल्या रिपॉझिटरीतून आली तिचा आयडी लिहिलेला असतो. बस्स, एवढंच. म्हणजे किराणा दुकानदार डब्यावर 'हा गूळ अमुक व्यापाऱ्याकडचा' अशी चिठ्ठी लावतो ना, तशी. आणि मेव्हन ३ ही चिठ्ठी गांभीर्याने घेतो. तुमच्या आत्ताच्या प्रोजेक्टमध्ये त्या आयडीची रिपॉझिटरी नसेल, तर जार डिस्कवर समोर दिसत असूनही तो म्हणतो, 'माझ्या लेखी ही नाही', आणि परत नेटवर शोधायला निघतो. फाइल तिथे आहे, पाथ बरोबर आहे, साइज बरोबर आहे, आणि टूल म्हणतंय नाही! पहिल्यांदा हे पाहणाऱ्या माणसाचा देवावरचा विश्वास तरी उडतो नाही तर बसतो.

दुसरी चिठ्ठी म्हणजे डॉट लास्ट-अपडेटेड. एखादी जार शोधली आणि रिपॉझिटरीने 'नाही आमच्याकडे' असं सांगितलं, तर मेव्हन तो नकारही जपून ठेवतो, आणि सहसा दिवसभर परत विचारतच नाही. याला कारण आहे. दर बिल्डला त्याच नसलेल्या जारसाठी शंभर वेळा सर्व्हरचं दार वाजवण्यात अर्थ नाही. पण मधल्या काळात कोणी ती जार तिथे आणून ठेवली, तरी तुमचा मेव्हन सकाळच्या नकारावर ठाम. त्याला परत विचारायला लावायचं तर कमांडला मोठ्या लिपीतला यू हा फ्लॅग द्यावा लागतो. तुमच्या कंपनीत नेक्सस असेल तर बाहेरच्या रिपॉझिटरीच्या नकारासाठी त्याचीही स्वतःची अशी एक कॅश असते, मुदत मुळातच १४४० मिनिटं, म्हणजे पूर्ण एक दिवस. म्हणजे नकारावर नकार. सरकारी कचेरीची आठवण यावी.

असो. आता मूळ मुद्दा.

मागच्या वर्षी आमच्या टीमने एका जुन्या सर्व्हिसचा मेव्हन ३.६.३ वरून ३.९ वर नेला. सर्व्हिस म्हणजे बिलं छापणारी. आठ-नऊ वर्षं वयाची, कोणी फारसं हात न लावलेली, पण महिनाअखेरीला बंद पडली तर सगळ्यांचे फोन वाजतील अशी. अपग्रेड सोमवारी झालं, आणि मंगळवारी सकाळी टीममध्ये एकाचाही बिल्ड होईना. एररमध्ये एक नवीनच पाहुणा: मेव्हन-डिफॉल्ट-एचटीटीपी-ब्लॉकर.

हा पाहुणा कोण? २०२१ साली आलेल्या मेव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीवरच्या बाहेरच्या रिपॉझिटरी मुळातच बंद केल्या आहेत. मेव्हनच्या स्वतःच्या सेटिंग्ज फाइलमध्ये एक खोटा मिरर टाकलेला आहे, त्याचा पत्ता ०.०.०.०, म्हणजे कुठेच नाही. एचटीटीपीवाली कुठलीही रिपॉझिटरी आली की तिला या भिंतीकडे वळवायचं. करणंही योग्यच होतं, कारण एचटीटीपीवरून येणारी जार मधल्यामध्ये कोणी बदलली तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. मेव्हन सेंट्रलने तर १५ जानेवारी २०२० पासूनच एचटीटीपी बंद केलं होतं.

आमच्या पॉम फाइलमध्ये अशीच एक एचटीटीपी रिपॉझिटरी होती. कंपनीचा जुना अंतर्गत सर्व्हर. आणि गंमत ऐका: तो सर्व्हर काही वर्षांपूर्वीच बंद झाला होता! नवीन आर्टिफॅक्ट सर्व्हर आला, बहुतेक सगळं तिकडे हलवलं, आणि जुनं मशीन कोणीतरी उचलून नेलं. मग इतकी वर्षं बिल्ड चालत कसा होता? तर चिठ्ठ्यांच्या जोरावर. सगळ्यांच्या .एम२ मध्ये जार होती, चिठ्ठीवर जुन्या सर्व्हरचा आयडी होता, पॉममध्येही तोच आयडी होता. चिठ्ठी जुळली, नेटवर जायची गरजच पडली नाही. सर्व्हर मेला, पण त्याच्या नावावर व्यवहार सुरळीत चालू होते. ३.९ मध्ये ब्लॉकर आला तसा रिपॉझिटरीचा आयडी बदलून ब्लॉकरचा झाला, चिठ्ठी जुळेना, मेव्हन नेटवर निघाला, आणि भिंतीवर आदळला.

म्हणजे अपग्रेडने काही मोडलं नाही. मोडलेलं आधीपासूनच होतं.

याची खूण आम्हाला आधीच मिळाली होती, हे मला जास्त टोचतं. जूनमध्ये एक फ्रेशर जॉइन झाला. त्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर हा बिल्ड पहिल्या दिवसापासून होत नव्हता, आणि तेव्हा तर ३.६.३ च होता. "सर, होस्ट सापडत नाही असं येतंय." उत्तर मिळालं, "तुझ्या लॅपटॉपचं काहीतरी असेल, व्हीपीएन बघ. आणि सर नको म्हणू रे." शेवटी एका सीनियरने आपलं .एम२ झिप करून त्याला दिलं, आणि प्रश्न 'सुटला'. अख्ख्या टीममध्ये खरं बोलणारं मशीन ते एकच होतं, आणि त्यालाच आपण गप्प बसवलं. कोरं मशीन हाच खरा साक्षीदार असतो हो! बाकीची सगळी आमच्यासारखी, आठवणीवर जगणारी.

मंगळवारी दुपारपर्यंत नेहमीचे उपाय सुरू झाले. एकाने नेटवर शोधून ब्लॉकर काढून टाकायची सेटिंग आणली. त्याचा लॅपटॉप चालू झाला, आणि तो विजयी मुद्रेने सगळ्यांना ती सेटिंग पाठवायला लागला. दुसऱ्याने, अर्थातच, .एम२ उडवलं. त्याचा बिल्ड आता ब्लॉकर काढूनही होईना. तेव्हा कुठे एकीने विचारलं, "एक मिनिट. ही जार नवीन सर्व्हरवर आहे का?"

नव्हती.

कुठली जार? बिलाची रक्कम अक्षरी लिहिणारी. 'अक्षरी रुपये एक लाख तेवीस हजार चारशे पंचावन्न फक्त', ते. बाहेरच्या बहुतेक लायब्ररी मिलियन-बिलियनमध्ये बोलतात, म्हणून कोणे एके काळी कोणीतरी घरीच लिहिलेली. लाख-कोटी, पैशांचं राउंडिंग, ऋण रकमा, सगळं त्यात. सोर्स जुन्या एसव्हीएनमध्ये होता, पण नेमक्या त्या व्हर्जनचा टॅग कोणी मारलेला नव्हता. शेवटच्या कमिटवरून जार बनवली तर जुन्या बिलांच्या टेस्टपैकी काही नापास. म्हणजे जी जार रोज प्रॉडक्शनमध्ये चालत होती, तिचा नेमका सोर्स कोणता हे कोणालाच सांगता येईना. सीआयचं जुनं मशीन पुसून त्याचं कंटेनरमध्ये रूपांतर आदल्याच आठवड्यात झालेलं. प्रॉडक्शनमध्ये होतं ते सगळं एकत्र कोंबलेलं एक मोठं जार, त्यातून ही वेगळी काढणं म्हणजे मिसळीतून मटकी निवडणं. अखंड प्रती उरल्या होत्या काही लॅपटॉपवर, आणि त्यांचे मालक तेव्हा आरएम-आरएफचं बोट एंटरवर ठेवून बसलेले!

इथे सगळ्यांना थांबवलं गेलं. "कोणीही काही उडवू नका" असा मेसेज ग्रुपवर मोठ्या अक्षरांत पडला. मग एका लॅपटॉपवरून जार काढली, दुसऱ्या दोघांच्या जारशी चेकसम जुळवून पाहिला, आणि डिप्लॉय-फाइल या कमांडने नवीन सर्व्हरवर चढवली.

इथेच संपलं असतं तर बरं होतं. चढवणाऱ्याने फक्त जार दिली, तिच्या शेजारची पॉम दिली नाही. अशा वेळी मेव्हन स्वतःच एक जुजबी पॉम तयार करतो, त्यात त्या जारच्या स्वतःच्या डिपेंडन्सी नसतात. त्यामुळे कंपाइल झकास, आणि चालवल्यावर क्लास सापडत नाही. कारण आमचा कोड त्या आतल्या लायब्ररींना थेट हात लावत नव्हता, त्या लागत होत्या त्या अक्षरीवाल्या जारला. हे कळायला अर्धा दिवस. रिलीज व्हर्जन परत चढवायला सर्व्हर देईना, म्हणून ती काढायला अ‍ॅडमिनच्या विनवण्या, मग पॉमसकट परत चढवली. आणि एवढं करून दोघा-तिघांकडे अजूनही 'सापडत नाही' येतच होतं, कारण त्यांनी जार चढायच्या आधी नव्या सर्व्हरला विचारून ठेवलं होतं आणि सकाळचा नकार त्यांच्या .एम२ मध्ये जपलेला होता. यू फ्लॅग दिला, झालं.

बघा, एकाच एररमागे किती वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. मेलेला सर्व्हर, ब्लॉकर, अर्धवट पॉम, जपलेला नकार. प्रत्येकाला एकच शब्द: 'कॅशचा प्रॉब्लेम'. डॉक्टरने ताप, पोटदुखी आणि मोडलेला हात या सगळ्याला 'अशक्तपणा' म्हणावं तसं.

३.९ ने अजून दोन कुबड्या काढून घेतल्या, त्या सांगतो, कारण तुमच्याकडेही हे होणार. मेव्हन २ च्या जमान्यात प्रत्येक प्लगइनला प्लेक्सस-युटिल्स नावाच्या लायब्ररीचं एक पुरातन व्हर्जन न मागता मिळायचं. मेव्हन ३ ने जुन्यांची सोय म्हणून ते चालू ठेवलं. ३.९ ने बंद केलं. त्यामुळे घरी लिहिलेला एखादा जुना प्लगइन, ज्याने ही डिपेंडन्सी कधी जाहीरच केली नव्हती, तो आता क्लास नाही म्हणून आडवा होतो. शिव्या मेव्हनला पडतात. चूक प्लगइनची, इतकी वर्षं फुकट जेवत होता.

दुसरी कुबडी सर्टिफिकेटची. बऱ्याच ऑफिसांत प्रॉक्सी एचटीटीपीएस उघडून बघते आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करते. जावाला ते ओळखीचं नसतं. मग कोणीतरी मेव्हन-ऑप्ट्समध्ये वॅगनची 'एसएसएल इनसिक्युअर' प्रॉपर्टी टाकून ठेवलेली असते. ३.९ मध्ये फाइल्स आणण्याचं काम वॅगनकडून काढून रिझॉल्व्हरच्या नव्या ट्रान्सपोर्टला दिलंय, आणि नवा माणूस जुन्या मालकाच्या चिठ्ठ्या वाचत नाही. प्रॉपर्टी तिथेच असते, एरर काही देत नाही, फक्त निमूटपणे दुर्लक्षित होते. ट्रान्सपोर्ट परत वॅगनवर न्यायची सोय आहे, आणि घाई असेल तर वापरा. पण कीटूल घेऊन कंपनीचं सर्टिफिकेट जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये एकदा घालायला दहा मिनिटं लागतात. लोक ते सोडून वर्षानुवर्षं सुरक्षा बंद ठेवतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि हे मेव्हनपुरतं आहे असं ग्रेडलवाल्यांनी समजू नये. तिथे दोन व्हर्जनांचं भांडण लागलं तर सहसा मोठं व्हर्जन जिंकतं, मेव्हनमध्ये झाडात मुळाजवळचं जिंकतं. त्यामुळे एकाकडून दुसरीकडे गेलात की एक ओळही न बदलता लायब्ररींची व्हर्जन्स बदलू शकतात. व्हर्जनमध्ये प्लसचं चिन्ह टाकून बसला असाल तर ग्रेडल ते उत्तर २४ तास धरून ठेवतो, आणि मग तुमचा बिल्ड आज वेगळा, उद्या वेगळा. जेसेंटर आठवतंय? २०२१ च्या फेब्रुवारीत बंद करत असल्याची घोषणा झाली, तेव्हा किती अँड्रॉइड प्रोजेक्ट्स त्याच्या भरवशावर होते! पुढे ते वाचण्यापुरतं चालू ठेवलं, आणि २०२४ मध्ये मेव्हन सेंट्रलकडे वळवलं. म्हणजे जे सेंट्रलवर कधी गेलंच नाही, ते त्या दारातून येईनासं झालं. ज्यांच्या कॅशमध्ये होतं त्यांना पत्ताही लागला नसेल. आमचा उचलून नेलेला सर्व्हर, फक्त मोठ्या आकाराचा.

एनपीएमची कथा तर आणखी मजेशीर. २०२० मध्ये आलेल्या ७ व्या व्हर्जनने पीअर डिपेंडन्सी खरोखर तपासायला सुरुवात केली, आणि जगभर ई-रिझॉल्व्ह नावाची एरर उगवली. त्यावर जगाने शोधलेला उपाय काय? लेगसी-पीअर-डेप्स हा फ्लॅग. कित्येक प्रोजेक्ट्सच्या रीडमीमध्ये तो पहिल्या ओळीत असतो. टूल सांगतंय की तुमच्या दोन लायब्ररींचं आपसात पटत नाही, आणि आपण म्हणतोय, तू गप्प बस, पूर्वी कसं होतास तसा हो. :-)

आता कोणी म्हणेल, की बाबा, आमच्याकडे एवढा वेळ नाही, शुक्रवारी रिलीज आहे. मान्य. म्हणून मी कॅश कधीच उडवू नका असं म्हणत नाही. अर्धवट उतरलेली, खराब झालेली जार असते, डिस्क भरलेली असते, तेव्हा उडवावंच लागतं. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. मेव्हनमध्ये मेव्हन-रेपो-लोकल नावाची प्रॉपर्टी आहे. तिला टेम्प फोल्डरमधला एक रिकामा पाथ द्या आणि बिल्ड चालवा. जुनं .एम२ जागच्या जागी राहतं, आणि तुम्हाला कोऱ्या मशीनची साक्ष मिळते. रिकाम्या फोल्डरवर झालं आणि जुन्यावर होत नाही, तर दोष खरंच कॅशमध्ये आहे, मग त्या एका ग्रुपचं फोल्डर बाजूला सरकवा, अख्खं गाव जाळायची गरज नाही. उलट, जुन्यावर होतं आणि रिकाम्यावर होत नाही, तर मित्रा, तुझा प्रोजेक्ट मोडलेला आहे आणि तुझ्या लॅपटॉपने तो झाकून ठेवलाय. दोन्हीकडे होत नसेल तर हेल्प प्लगइनचं इफेक्टिव्ह-सेटिंग्ज चालवून बघ, नवीन टूलने कुठला मिरर मधे घुसवलाय ते दिसतं. एवढ्याला चहाचा एक कप पुरतो.

आमच्याकडे आता दर रविवारी रात्री सगळे प्रोजेक्ट रिकाम्या कॅशवर बिल्ड होतात. पहिल्याच रविवारी अजून दोन प्रोजेक्ट पडले. एकात त्याच जुन्या सर्व्हरची जार होती. दुसऱ्यात नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाने स्वतःच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल केलेलं आणि झिपमधून हातोहात फिरलेलं एक स्नॅपशॉट व्हर्जन. मॅनेजरची तक्रार आहे की दर आठवड्याला तेच तेच डाउनलोड करून नेट आणि मशीन फुकट जातं. ते महिन्यातून एकदा करा म्हणतात, मी आठवड्याला अडून बसलोय. दुसऱ्या प्रोजेक्टच्या त्या स्नॅपशॉटचा सोर्स अजून सापडलेला नाही. तो गेलेला माणूस फोनवर म्हणाला, घरच्या जुन्या हार्डडिस्कवर असेल, दिवाळीला गावी गेलो की बघतो.